कार्बोरेटर नवा केला, तरी गाडी का बंद पडते?

विहिरीवरचा पंप सुरू आहे, मोटार घुमते आहे, पण पाइपातून पाणी येत नाही. अशा वेळी तुम्ही काय करता? आधी फुटव्हॉल्व्ह पाहता, मग सक्शन पाइपाचा एकेक जोड चाचपता. कुठे वॉशर कुजलेला निघतो, कुठे बोल्ट सैल निघतो. त्या जागी पाण्याचा थेंबही गळत नसतो. उलट बाहेरची हवा तिथून आत ओढली जात असते. ‘पंपाने हवा धरली’ असे आपण म्हणतो आणि जोडावर शेणकाला थापून पाहतो. शेणकाला आत ओढला गेला की दुखणे सापडले. ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरातल्या पोराबाळांनाही ठाऊक असते.

पेट्रोलवर चालणारी जुनी गाडीसुद्धा अशीच हवा धरते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. मग कार्बोरेटर तीनतीनदा खोलला जातो, प्लग बदलले जातात, पैसे जातात आणि घरात भांडणे होतात. आमच्या घरात गेल्या हिवाळ्यात हेच झाले. त्यातून जे शिकायला मिळाले ते तुमच्यापुढे ठेवतो.

तात्यांची पद्मिनी

आमच्या थोरल्या चुलत्यांना घरात सगळे तात्या म्हणतात. त्यांच्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने जी गाडी निघे, तीच पुढे पद्मिनी झाली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण खेड्यापाड्यांत, गोठ्याशेजारच्या छपरात अशा गाड्या अजून जपलेल्या दिसतात. तात्यांच्या दोन मुलींची पाठवणी याच गाडीतून झाली, त्यामुळे ती मोडीत काढायचा विषय काकू निघूच देत नाहीत.

गाडी पावसाळाभर उभी राहिली. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळून चिकट राळ झाली आणि फ्लोटची सुई अडकून पेट्रोल सांडू लागले. तात्यांचा नातू आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे काम शिकतो. त्याने हौसेने कार्बोरेटर उतरवला, सगळा सुटा केला, जेट आणि वाटा हवेने फुंकून साफ केल्या, किट आणून सुई, पॅकिंग आणि पडदा बदलला. काम अगदी नीटनेटके केले. गाडी एका हाकेत सुरू झाली. पोराचा चेहरा पाहण्यासारखा होता.

पण इंजिन तापल्यावर गंमत सुरू झाली. गाडी उभी असताना इंजिन आपोआप रेस व्हायचे, लगेच खाली बसायचे, पुन्हा रेस व्हायचे. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की कधी कधी गप्पच व्हायचे. तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे स्लोचा स्क्रू आवळून रेस वाढवून दिली. दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच.

काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना तपासणीला नेऊन परत येताना हमरस्त्याच्या चौकात गाडी मध्येच बंद पडली. उतारावरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येत होता. भरल्या ट्रॉल्यांना एवढ्याशा जागेत ब्रेक लागणार कसा? ड्रायव्हरने प्रसंगावधान राखून ट्रॅक्टर कडेला घातला म्हणून निभावले. घरी आल्यावर तात्या एवढेच म्हणाले, “उद्या भंगारवाल्याला बोलवा. आणि तू पुन्हा पान्याला हात लावू नकोस.”

नातवाने हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. दोन दिवस तो नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी मला निरोप धाडला, “गाडीचं राहू दे, पोराचं बघ.”

हवा आत जाते म्हणजे काय होते?

इंजिनाला ठरावीक प्रमाणात पेट्रोल आणि हवा लागते. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा. हे माप जुळवून देण्याचे काम कार्बोरेटर करतो. त्याच्या घशात एक पाकळी असते. पाय दाबला की ती उघडते, पाय काढला की मिटते. पाकळी मिटलेली असताना पिस्टन खालून हवा ओढतच असतात, म्हणून पाकळीच्या खाली, मॅनिफोल्डमध्ये, जोराचे शोषण तयार होते. तुमच्या पंपाच्या सक्शन पाइपासारखेच.

आता पाकळीच्या खालच्या बाजूला एखादी फट असली तर? त्या फटीतून जाणारी हवा कार्बोरेटरने मोजलेली नसते. पेट्रोल तेवढेच, हवा जास्त, म्हणून मिश्रण पातळ होते. स्लोवर इंजिनाला मुळात थोडी हवा लागते आणि शोषण सर्वांत जास्त असते, म्हणून दुखणे स्लोवरच जास्त जाणवते. गाडी वेगात असताना एवढीशी फट त्या मानाने नगण्य ठरते. म्हणूनच अशी गाडी रस्त्यावर बरी पळते आणि चौकात दगा देते.

आणखी एक नुकसान आहे, ते दिसत नाही. फटीतून येणारी हवा एअर फिल्टरमधून गाळून येत नाही. आपल्या पाणंदीतली धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा झिजवते.

खुणा ओळखा

पुढील गोष्टी दिसल्या तर हवेच्या गळतीचा संशय घ्यावा:

१. इंजिन तापल्यावरही स्लो स्थिर राहत नाही, वरखाली होते किंवा इंजिन बंद पडते.

२. अर्धा चोक ओढला की इंजिन सुधारते, चोक सोडला की बिघडते. चोक हवा कमी करतो, म्हणजे हवा जास्त होत होती, हे उघड आहे.

३. मिश्रणाचा स्क्रू आत-बाहेर फिरवूनही फारसा फरक पडत नाही.

४. पाय दाबताना गाडी क्षणभर अडखळते, कधी कार्बोरेटरच्या तोंडातून फटकन आवाज येतो.

एक सावधगिरीची गोष्ट. स्लोचा जेट तुंबला तरी अशाच खुणा दिसतात. तेव्हा आधी तो काढून, उजेडाकडे धरून, हवेने फुंकून पाहा. जेटमध्ये तार किंवा सुई घालू नका, भोक मोठे होते. प्लग, पॉइंट, टायमिंग आणि व्हॉल्व्हचे अंतरही तपासून घ्या. पाहुण्यावर आळ घेण्यापूर्वी घरातली कणगी पाहावी, तशातली ही गोष्ट.

शोध कसा घ्यावा?

गाडी मोकळ्या जागेत उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. जवळ कोरड्या वाळूची बादली असू द्या. विडी-सिगारेट लांब. उपरणे, पदर, सैल बाही पंख्याजवळ नको. इंजिन चांगले तापवून घ्या आणि मग एकेक पायरी चढा.

पहिली पायरी, कान. हातभर लांबीची रबरी नळी घ्या. एक टोक कानाशी धरा, दुसरे कार्बोरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या जोडांपाशी सावकाश फिरवा. जिथे गळती असेल तिथे सापाच्या फूत्कारासारखा बारीक आवाज येतो. कार्बोरेटरच्या तोंडाचा आवाज वेगळा, तो नेहमीचाच असतो.

दुसरी पायरी, नळ्या. मॅनिफोल्डला किंवा कार्बोरेटरला जोडलेल्या बारीक रबरी नळ्या एकेक करून चिमटून पाहा. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी नळी, काही गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी नळी. एखादी चिमटल्यावर इंजिन सुधारले तर दोष त्या नळीत किंवा तिच्या पलीकडच्या पडद्यात. एखादे तोंड टोपण न लावता उघडेच राहिले नाही ना, हेही पाहा. कार्बोरेटर बसवताना ही चूक सर्रास होते.

तिसरी पायरी, तेल. तेलाच्या कुपीने इंजिन ऑइलचे दोन-चार थेंब एकेका जोडावर सोडा. जिथे फट असेल तिथे तेल क्षणभर ती बुजवते. इंजिनाचा सूर बदलतो, आणि थोड्या वेळाने सायलेन्सरमधून निळसर धूर दिसतो. शेणकाल्याचीच ही युक्ती. फुलझाडांच्या फवाऱ्याने पाणी मारूनही चालते, पण ते डिस्ट्रिब्युटरवर आणि वायरींवर उडू देऊ नका.

काही जण या कामासाठी पेट्रोल शिंपडतात. वाचकहो, हे कदापि करू नका! शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो, प्लगच्या वायरीतून ठिणगी उडू शकते. गाडीबरोबर माणूस जायचा. रॉकेललाही हाच नियम. तसेच चालू इंजिनाच्या कार्बोरेटरवर तळहात ठेवून तोंड बंद करण्याची काहींना सवय असते. उलटी ज्वाला आली तर हात भाजतो. त्या कामाला चोक आहे.

चौथी पायरी, पाकळीचा दांडा. ज्या दांड्यावर पाकळी फिरते तो वर्षानुवर्षांच्या वापराने झिजतो. इंजिन बंद करून बोटांनी तो आडवा हलवून पाहा. लक्षात येण्याइतका खुळखुळत असेल तर तिथून हवा जाते. इंजिन चालू असताना त्याच्या दोन्ही टोकांना तेलाचा थेंब लावून खात्री करा. या दोषाला किट उपयोगी पडत नाही. लेथवाल्याकडून नवे बुश बसवून घ्यावे लागतात.

ज्यांच्याकडे व्हॅक्यूम गेज आहे त्यांना काम सोपे. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन स्लोवर साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याचे शोषण दाखवते. दर हजार फूट उंचीला सुमारे एक इंच वजा करावा. पुणे सुमारे १,८०० फुटांवर आहे, म्हणजे तिथे १५ ते १९ दिसले तरी ठीक. काटा स्थिर पण बराच खाली राहिला तर गळती असू शकते. टायमिंग मागे पडले असले तरी असेच दिसते, म्हणून ते आधी पाहायचे.

दोष सापडला, आणि भलत्याच ठिकाणी

रविवारी सकाळी मी गेलो आणि नातवाला हाक मारली. तो म्हणाला, “काका, माझ्याच हातून काहीतरी बिघडलंय. मला नका सांगू.” मी म्हटले, “बिघडलं असेल तर कुठे ते तरी बघू. मला दिसत नाही, तेलाची कुपी तू धर.” मग आला.

जेट साफ होता. नळ्या चिमटल्या, फरक नाही. मॅनिफोल्डच्या जोडावर तेल सोडले, फरक नाही. दांड्याच्या टोकांना थेंब लावले, सूर किंचित बदलला, पण तेवढ्याने गाडी बंद पडेल असे वाटेना. मग त्याने कार्बोरेटरच्या बुडाशी, पॅकिंगच्या कडेला थेंब सोडले. इंजिन एकदम सावरले, सूर एकसारखा झाला आणि मागून निळा धूर आला. पोराने वर पाहिले. म्हणाला, “पण काका, पॅकिंग तर मी नवं घातलंय!”

इंजिन थंड झाल्यावर कार्बोरेटर उतरवला. पॅकिंग नवेच होते, कुठे फाटलेले नव्हते. मग पोलादी पट्टी कार्बोरेटरच्या बुडावर उभ्या कडेने ठेवून उजेडाकडे धरली. दोन्ही कानांपाशी पट्टी टेकलेली आणि मधून उजेड दिसत होता. फीलर गेजची ०.१५ मिलिमीटरची पाती आत सहज गेली. बूड वाकले होते.

कार्बोरेटरचे अंग नरम मिश्रधातूचे असते. तो दोन बोल्टांवर बसतो. नट गरजेपेक्षा जास्त आवळले की दोन्ही कान खाली ओढले जातात आणि मधला भाग उचलला जातो. हे काही एका दिवसात झालेले नव्हते.

तात्या ओट्यावर बसून हे सगळे पाहत होते. ते उठून आले, पट्टी हातात घेऊन स्वतः पाहिले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे नट मीच आवळायचो. खडकाळ रस्त्याने सैल पडतात म्हणून लांब पाना लावून. आणि हवा धरायला लागली तेव्हा पॅकिंगला शेलॅक फासून बसवलं होतं.”

उलगडा झाला. फट जुनीच होती. शेलॅकच्या आणि वाळलेल्या राळेच्या थराने ती बुजलेली होती. नातवाने शास्त्राप्रमाणे सगळा थर खरवडून स्वच्छ केला, तेव्हा ती उघडी पडली. ज्याने काम चोख केले त्याच्याच माथी दोष आला. घर झाडायला घेतले की वाळवी दिसते. ती झाडणाऱ्याने आणलेली नसते.

तात्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. “पेटी खाली आण,” एवढेच म्हणाले.

दुरुस्ती

बूड सपाट करणे घरी जमते. कार्बोरेटर पूर्ण सुटा करा, पाकळी आणि दांडाही काढा. पाकळीचे बारीक स्क्रू सैल पडू नयेत म्हणून त्यांची टोके फुलवलेली असतात. ते जपून काढा आणि परत बसवताना पक्के करायला विसरू नका, कारण सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो. हे जमणार नसेल तर लेथवाल्याकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

जाड, सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरा, तेलाचे थेंब टाका आणि बूड त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत घासा. हात हलका आणि दाब सगळीकडे सारखा. मधूनमधून पट्टी लावून पाहा. सगळीकडे एकसारखी झळाळी आली की थांबा. मग पेट्रोलने धुऊन, हवेने फुंकून पेपरचा कणही आत राहणार नाही असे करा. मधला जाड ठोकळा आणि मॅनिफोल्डची बैठकही पट्टीने तपासा, तीही वाकलेली असू शकते.

पॅकिंग नवे आणि योग्य जाडीचे घ्या. शेलॅक नको. साधे सिलिकॉनही नको, पेट्रोल लागले की ते फुगते आणि सुटते. बैठक सपाट असेल तर कोरडे पॅकिंग पुरते. दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे, आखूड पान्याने आवळा. गाडी एकदा तापवून थंड झाल्यावर पुन्हा एकदा हलकेच आवळून घ्या. लांब पाना पेटीतच राहू द्या.

शेवटी स्लो लावा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत टेकवून सुमारे दीड फेरा बाहेर घ्या. जोराने आत दाबला तर त्याचे टोक खराब होते. इंजिन तापल्यावर तो थोडा आत-बाहेर करून सूर सर्वांत चांगला कुठे लागतो ते पाहा. मग स्लोच्या स्क्रूने रेस बेताची करा. गळती असताना नुसती रेस वाढवून घेणे म्हणजे ताप उतरवण्याऐवजी घाम पुसत बसणे.

मोटारसायकल आणि फवारणी पंपालाही हेच

तुमच्याकडे चारचाकी नसेल तरी ही माहिती वाया जाणार नाही. एप्रिल २०२० पासून नव्या मोटारसायकलींत बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आले, पण त्याआधीच्या कार्बोरेटरवाल्या हजारो गाड्या गावोगाव पळताहेत. त्यांच्या कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मध्ये रबरी जोड असतो. उन्हाने त्याला चिरा पडतात. बोटांनी वाकवून पाहिले की चिरा दिसतात.

पाठीवरचा टू-स्ट्रोक फवारणी पंप किंवा गवत कापायचे यंत्र यांत तर जास्त जपावे. त्यांचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. हवा शिरून मिश्रण पातळ झाले की ऑइलही कमी पडते आणि पिस्टन जाम होतो. यंत्र आपोआप जास्त रेस होऊ लागले तर ‘जोर आला’ म्हणून खूश होऊ नका, लगेच बंद करा.

आजच्या पेट्रोलचाही विचार करावा लागतो. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते इथेनॉल बऱ्याच अंशी आपल्याच उसापासून आणि मक्यापासून येते, आपल्याला त्याचा आनंदच आहे. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, वजनाने साधारण नऊ भाग. म्हणून जुन्या जेटांवर मिश्रण आधीच थोडे पातळ होते, आणि त्यात गळतीची भर पडली की इंजिन लवकर कुरकुरते. जुन्या रबरी नळ्या आणि पडदेही अशा पेट्रोलने लवकर खराब होतात. ते वेळेवर बदला, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून ठेवा.

तात्यांची गाडी आता स्लोवर शांत उभी राहते. पुढच्या आठवड्यात काकूंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. त्यांना आणायला गाडी नातवानेच नेली, तात्या शेजारी बसले होते. त्या चौकात गाडी थांबली, इंजिन चालू राहिले, रस्ता मोकळा झाल्यावर निघाली. काकूंच्या डोळ्यावर पट्टी होती. त्यांनी विचारले, “चौक आला का रे?” नातू म्हणाला, “आजी, मागे पडला.”

तुमच्या छपरातली गाडी रुसली असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तेलाची कुपी आणि पोलादी पट्टी घेऊन एक सकाळ द्या. आणि घरातल्या पोराने काम करताना काही बिघडले असे वाटले, तर त्याला रागावण्याआधी त्याच्याबरोबर बसून दोष शोधा. कधी कधी तो आपल्याच हातचा निघतो.